विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मराठी मजकूर: कोणत्या क्रमाने लिहावा आणि कसा तपासावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठीय विभागांच्या संकेतस्थळांवर मराठी मजकूर असतो, तेव्हा तो बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईत तयार झालेला असतो. आधी इंग्रजी परिपत्रक निघते, त्यावरून कन्नड मजकूर तयार होतो आणि प्रवेश सुरू होण्याच्या दोन दिवस आधी कार्यालयातील मराठी येणाऱ्या एखाद्याच्या हातात ते दोन्ही कागद दिले जातात. तो लिहायला बसतो तेव्हा पदनामे ठरलेली नसतात, तारखेची खात्री कोणी दिलेली नसते आणि गावाचे नाव कसे लिहायचे, यावर टेबलाभोवती उभ्या असलेल्या चार जणांची चार मते असतात. पुढे चुका निघाल्या की दोष शुद्धलेखनाला दिला जातो, पण बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो.

कार्यालयीन कर्मचारी, विभागाचे समन्वयक आणि मराठीचे प्राध्यापक या तिघांपैकी ज्याच्यावर हे काम पडते, त्याच्यासाठी पुढील टप्पे आहेत. अशा पानांचा मजकूर तपासताना मी हाच क्रम पाळतो. शुद्धलेखन त्यात सातव्या टप्प्यावर येते आणि ते जाणूनबुजून तिथे ठेवले आहे.

टप्पा १: लिहिण्यापूर्वी तथ्यपत्रक तयार करा

प्रत्येक पानासाठी एक साधा तक्ता करा. त्यात चार रकाने पुरेत: बाब, नेमकी माहिती, आधार आणि खात्री देणारी व्यक्ती. अर्जाची शेवटची तारीख, शुल्क, पात्रता, लागणारी कागदपत्रे, संपर्क क्रमांक आणि खिडकीची वेळ या सहा बाबी जवळजवळ प्रत्येक पानावर लागतात. आधाराच्या रकान्यात परिपत्रकाचा क्रमांक आणि दिनांक लिहावा. ‘साहेबांनी सांगितले’ हा आधार होत नाही, कारण तीन महिन्यांनी विद्यार्थी वाद घालायला येतो तेव्हा साहेबांना ते आठवत नसते.

मागील वर्षाचे पान उघडून त्यात आकडे बदलणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. आकडे बदलले जातात, पण आकड्यांभोवतीची वाक्ये जुनीच राहतात. कर्नाटकात २०२१–२२ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची रचना आली आणि २०२४–२५ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली. ज्यांनी दरवर्षी फक्त तारखा बदलल्या, त्यांच्या पानांवर नव्या विद्यार्थ्यांना ‘चौथ्या वर्षी ऑनर्स’ असे सांगणारे वाक्य मागे राहण्याचा संभव आहे. त्यासाठी जुने पान समोर ठेवू नका, तथ्यपत्रक समोर ठेवा.

याच टप्प्यावर आणखी एक निर्णय लेखी घ्यावा लागतो. इंग्रजी, कन्नड आणि मराठी मजकुरांत फरक आढळला तर कोणता मजकूर ग्राह्य धरला जाईल, हे संस्थेने ठरवले पाहिजे आणि ते मराठी पानावर मराठीतच लिहिले पाहिजे. अनेक ठिकाणी हे वाक्य फक्त इंग्रजी पानाच्या तळाशी असते. म्हणजे ज्याला त्याची गरज आहे, त्याच्या नजरेस ते पडतच नाही.

सावधान: मुदतवाढ ही तथ्यपत्रकातील सर्वांत चंचल नोंद असते. या भागातील एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर मुदतवाढीची दुरुस्ती इंग्रजी आणि कन्नड पानांवर झाली, मराठी पानावर राहून गेली. चंदगडकडची काही मुले मुदत संपली असे समजून आलीच नाहीत. तो मराठी मजकूर मी तपासलेला होता आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. त्या दिवसापासून ‘बदल कोण कळवणार’ असा पाचवा रकाना मी तथ्यपत्रकात वाढवला.

टप्पा २: शब्द आधी ठरवा, वाक्ये नंतर लिहा

सीमाभागातील मराठी मजकुराची खरी अडचण या टप्प्यावर आहे, म्हणून येथे वेळ घालवावा. आपल्याकडे मजकूर तीन भाषांच्या सावलीत लिहिला जातो. इंग्रजी समोर असते, कन्नड शेजारी असते आणि भाषांतराच्या यंत्रातून अधूनमधून हिंदी डोकावते. कन्नड आणि हिंदीतील प्रशासकीय शब्द बहुतांशी संस्कृतातून आलेले असल्यामुळे ते देवनागरीत उतरवले की मराठीच वाटतात. शब्द ओळखीचा दिसतो आणि अर्थ मात्र भलताच निघतो.

पदनामांपासून सुरुवात करा. कर्नाटकात कन्नडमध्ये ‘कुलपती’ म्हणजे विद्यापीठाचा कारभार पाहणारे पदाधिकारी, ज्यांना मराठीत आपण कुलगुरू म्हणतो. मराठीत ‘कुलपती’ हे पद राज्यपालांकडे असते आणि त्यासाठी कन्नडमध्ये ‘कुलाधिपती’ असा शब्द आहे. हिंदीतील जुना वापरही कन्नडसारखाच आहे. त्यामुळे कन्नड मजकुरातील ‘कुलपती’ जसाच्या तसा मराठीत आणला, तर दीक्षान्त समारंभाच्या बातमीत कुलगुरूंचे भाषण राज्यपालांच्या नावावर जाते. ही चूक मी दोन वेळा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा ती मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटली होती, कारण ‘कुलपती’ हा शब्द शुद्धच आहे.

‘कुलसचिव’ दोन्ही भाषांत सारखा आहे. मात्र कर्नाटकातील विद्यापीठांत परीक्षांचे काम पाहणारे पद ‘कुलसचिव, मूल्यमापन’ असे असते, तर महाराष्ट्रातून आलेला विद्यार्थी ‘परीक्षा नियंत्रक’ शोधत असतो. येथे पदनाम बदलू नये. पहिल्या उल्लेखात ‘कुलसचिव, मूल्यमापन, म्हणजे परीक्षा विभागाचे प्रमुख’ असे लिहून पुढे केवळ पदनाम वापरावे.

कन्नडमधून सहज सरकत येणारे आणखी काही शब्द असे आहेत. ‘प्रांशुपाल’ म्हणजे प्राचार्य. ‘उपन्यासक’ म्हणजे व्याख्याता. ‘अंकपट्टी’ म्हणजे गुणपत्रिका, कारण कन्नडमधील ‘अंक’ हे आपले गुण होत. ‘फलितांश’ म्हणजे निकाल. ‘स्नातकोत्तर’साठी मराठी शब्द पदव्युत्तर आहे आणि ‘विश्वविद्यालया’साठी विद्यापीठ. सर्वांत महाग पडणारा शब्द ‘विद्यार्थिवेतन’ हा आहे. कन्नडमध्ये त्याचा अर्थ शिष्यवृत्ती असा होतो, पण मराठी वाचक त्याला विद्यावेतन समजतो, म्हणजे प्रशिक्षणाच्या काळात दरमहा हातात पडणारी रक्कम. दोन्हींच्या अटी वेगळ्या असतात आणि घरातील हिशेबही त्यावर बेतला जातो.

हिंदीची सावली बहुधा भाषांतराच्या यंत्रातून पडते. ‘पंजीकरण’, ‘आवेदन’, ‘छात्र’, ‘जानकारी’ हे शब्द आढळले, तर लिहिणाऱ्याने यंत्राचा मजकूर न वाचता चिकटवला आहे, असे खुशाल समजावे. नोंदणी, अर्ज, विद्यार्थी आणि माहिती हे आपले शब्द हाताशी आहेत. ‘रोजगाराचे अवसर’ या जागी रोजगाराच्या संधी हव्यात. ‘शिक्षा विभाग’ या शब्दावर तर कोणत्याही मराठी घरात हशाच होईल, कारण मराठीत शिक्षा शिक्षकाच्या छडीने होते.

इंग्रजी शब्दांबाबत माझे मत अनेक भाषाप्रेमींना रुचत नाही, तरीही ते येथे नोंदवतो. खिडकीवर विद्यार्थी जो शब्द उच्चारतो, तो शब्द पानावर असलाच पाहिजे. बेळगावात मुले ‘हॉल तिकीट’, ‘सेमिस्टर’, ‘बॅकलॉग’, ‘टीसी’ म्हणतात, आणि गुणपत्रिकेला सर्रास ‘मार्क्स कार्ड’ म्हणतात, जे कोल्हापुरात ‘मार्कशीट’ असते. ‘गुणपत्रिका, म्हणजे मार्क्स कार्ड’ असे एकदा लिहून पुढे गुणपत्रिका हा शब्द चालवता येतो. ‘हॉल तिकीट’साठी ‘परीक्षा प्रवेशपत्र’ लिहिल्यास मात्र निम्मी मुले त्याला प्रवेशाचा अर्ज समजतात, म्हणून तेथे हॉल तिकीटच ठेवावे.

कागदपत्रांची यादी करताना राज्यसीमेचे भान ठेवा. महाराष्ट्र मंडळाचा विद्यार्थी ‘बारावी’ आणि ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणतो, कर्नाटकचा विद्यार्थी ‘द्वितीय पीयूसी’ आणि ‘टीसी’ म्हणतो. ‘द्वितीय पीयूसी किंवा बारावी उत्तीर्ण’ असे लिहिले की दोघांनाही कळते. स्थलांतर प्रमाणपत्र ही टीसीपेक्षा वेगळी वस्तू आहे. ती कोणाला लागते आणि कोणाला लागत नाही, हे स्वतंत्र वाक्यात सांगावे. आरक्षणाच्या प्रवर्गांचे भाषांतर कधीही करू नये. कर्नाटकातील प्रवर्ग १, २ए, २बी, ३ए, ३बी ही नावे दाखल्यावर जशी असतात तशीच उतरवावीत. ‘२ए’चे ‘इतर मागासवर्ग’ असे रूपांतर केले, तर महाराष्ट्रातील यादी डोक्यात असलेला पालक चुकीचा निष्कर्ष काढतो.

पडताळणी: शब्दांची यादी एका पानावर छापून घ्या आणि त्यावर विभागप्रमुखांची सही घ्या. सही नसेल, तर ‘विद्यापीठ’ आणि ‘विश्वविद्यालय’ हा वाद दर सेमिस्टरला नव्याने सुरू होतो.

टप्पा ३: गावांची आणि संस्थांची नावे निश्चित करा

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील १२ शहरांची इंग्रजीतील अधिकृत नावे बदलली आणि त्यात बेळगाव, हुबळी, विजापूर, गुलबर्गा ही आपल्या नित्य वापरातील नावे होती. मराठी लिहिणाऱ्यापुढे तेव्हापासून दोन रूपे उभी असतात: बेळगाव आणि बेळगावी, विजापूर आणि विजयपूर, हुबळी आणि हुब्बळ्ळी. हा विषय येथे भावनेचा आहे आणि संकेतस्थळाचा मजकूर तो सोडवू शकत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने एवढेच करावे: संस्थेच्या नोंदणीकृत नावात, पत्त्यात आणि कायदेशीर उल्लेखात अधिकृत रूप जसेच्या तसे ठेवावे, वाहत्या मजकुरात कोणते रूप वापरायचे, हे संस्थेकडून लेखी घ्यावे आणि तेच शेवटपर्यंत पाळावे. एका परिच्छेदात ‘बेळगाव’, दुसऱ्यात ‘बेळगावी’ आणि तळाशी ‘बेलगाम’, असे तिहेरी पान कोणत्याच बाजूच्या वाचकाला आवडत नाही.

गावांची नावे इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरीत आणू नयेत. इंग्रजीत ‘ळ’ आणि ‘ल’ एकच दिसतात, ‘ण’ आणि ‘न’ही एकच दिसतात. येळ्ळूरचे ‘येल्लूर’, हिंडलग्याचे ‘हिंदलगा’ आणि अथणीचे ‘अथनी’ याच वाटेने होते. स्थानिक माणसाला विचारावे. ते अधिक जलद आणि अधिक अचूक असते.

संस्थांच्या नावांनाही हाच नियम लागू आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या इंग्रजी नावात ‘श’चा ध्वनी दाखवणारे अक्षर नाही, म्हणून यंत्र त्याचे ‘विस्वेस्वराय’ करते. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या नावात ‘चन्नम्मा’ आणि ‘चेन्नम्मा’ अशी दोन्ही रूपे मराठीत आढळतात. आपल्या यादीत एक निवडून ठेवावे. अभिमत दर्जा असलेल्या संस्थेच्या नावापुढे आपल्या मनाने ‘विद्यापीठ’ हा शब्द जोडू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ मध्ये याबाबत स्पष्ट सूचना दिल्या आहेत. नोंदणीत असेल तेच नाव लिहावे आणि दर्जा ‘अभिमत’ या शब्दाने वेगळा सांगावा.

टप्पा ४: पानाचा आराखडा

विद्यार्थी मोबाईलवर, बसमध्ये उभ्याने पान वाचतो. त्याला चार गोष्टी या क्रमाने हव्या असतात: मी पात्र आहे का, शेवटची तारीख कोणती, पैसे किती आणि कागद कोणते. या चारही गोष्टी मोबाईलच्या पहिल्या दोन पडद्यांत आल्या पाहिजेत. संस्थेची परंपरा, अध्यक्षांचा संदेश आणि इमारतीचे छायाचित्र यांना स्वतंत्र पान द्यावे. उपशीर्षकांत ‘महत्त्वाची माहिती’ असे लिहू नये, कारण त्यातून काहीच कळत नाही. ‘कोण अर्ज करू शकतो’ असे लिहावे.

टप्पा ५: मजकूर तथ्यपत्रकावरून लिहा, इंग्रजी वाक्यावरून नको

इंग्रजी कागद येथे बाजूला ठेवावा. तो डोळ्यांसमोर असला की ‘विद्यार्थ्यांद्वारे अर्ज सादर केले जाणे आवश्यक आहे’ असे वाक्य हातून उतरते. तथ्यपत्रकात ‘अर्ज, ३० जून, सायंकाळी ५, परीक्षा विभाग’ एवढेच असेल, तर लेखणीतून आपोआप ‘विद्यार्थ्यांनी आपले अर्ज ३० जून रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत परीक्षा विभागात द्यावेत’ असे निघते. ‘द्वारा’ आणि ‘द्वारे’ हे शब्द दिसताच थांबावे. दहापैकी नऊ वेळा तेथे ‘नी’ हा प्रत्यय पुरतो.

‘करण्यात येईल’ हा प्रयोग पूर्णपणे टाळावा, असे मी म्हणणार नाही, कारण कार्यालयीन मराठीत त्याचे स्थान आहे. मात्र जेथे काम करणारा कोण हे विद्यार्थ्याला कळणे आवश्यक आहे, तेथे तो घातक ठरतो. ‘कागदपत्रांची तपासणी करण्यात येईल’ यावरून कोणत्या खिडकीवर जायचे, हे समजत नाही. ‘कागदपत्रे महाविद्यालयाचे कार्यालय तपासेल आणि नंतर ती विद्यापीठाकडे पाठवेल’ असे लिहिले की विद्यार्थी थेट विद्यापीठात जाऊन रांगेत उभा राहत नाही.

संबोधन एकच ठेवावे. सूचनांत ‘विद्यार्थ्यांनी … करावे’ हे रूप सर्वांत सुरक्षित आहे. नेहमीच्या प्रश्नोत्तरांत ‘तुम्ही’ चालते. ‘आपण’ वापरल्यास ते ‘आम्ही आणि तुम्ही मिळून’ असे वाचले जाण्याचा धोका असतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द सर्वांसाठी वापरला, तरी मुलींचे वसतिगृह, विद्यार्थिनींसाठीची शुल्कसवलत अशा ठिकाणी ‘विद्यार्थिनी’ स्पष्टच लिहावे.

ऑनलाइन अर्जाच्या पायऱ्या सांगताना एक मोह आवरावा लागतो. कर्नाटकातील पदवी प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या यूयूसीएमएस प्रणालीवरील बटणांची नावे आपण भाषांतरित केली, तर विद्यार्थी पडद्यावर ‘नोंदणी करा’ शोधत बसतो आणि ते तेथे नसते. बटणावर जे नाव दिसते, तेच अवतरणचिन्हांत द्यावे आणि त्याने काय होते, हे पुढे मराठीत सांगावे.

पडताळणी: प्रत्येक वाक्याला ‘कोणी, कुठे, कधीपर्यंत’ हे तीन प्रश्न विचारावेत. सूचनेच्या वाक्यात तिन्हींची उत्तरे नसतील, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.

टप्पा ६: अंक, तारखा आणि रकमा

मराठी मजकुरात देवनागरी अंक वापरणे योग्य आहे, पण या भागात एक विशेष अडचण येते. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. कन्नड एक तर जवळजवळ गोल असल्यामुळे देवनागरी शून्याचा भास होतो. तीन लिप्या वाचणाऱ्या कार्यालयात ‘१९’ हा आकडा घाईत चुकीचा वाचला जाणे मुळीच अशक्य नाही. म्हणून वाहत्या मजकुरात देवनागरी अंक ठेवावेत. दूरध्वनी क्रमांक, अर्जक्रमांक, विषयसंकेत आणि बँक खात्याचा क्रमांक मात्र आंतरराष्ट्रीय अंकांत द्यावेत, कारण विद्यार्थी ते पाहून दुसऱ्या ठिकाणी टंकतो. दूरध्वनी क्रमांकाला बेळगावचा ०८३१ हा संकेतांक जोडावा. गडहिंग्लजहून फोन करणाऱ्याला तो पाठ नसतो.

तारीख ‘५/६’ अशी लिहू नये. ‘५ जून २०२५, गुरुवार’ असे लिहावे आणि वार दिनदर्शिकेवर पाहून घ्यावा, कारण वार जुळला नाही की तारीख चुकल्याचे तेथेच उघड होते. ‘३० जूनपर्यंत’ म्हणजे ३० जून धरून की सोडून, हा वाद वेळ लिहिल्याने मिटतो. ‘रात्री १२’ हे शब्द टाळून ‘रात्री ११:५९’ लिहावे.

रक्कम लाख-हजाराच्या स्वल्पविरामांसह, ‘१,२५,००० रुपये’ अशी लिहावी. शुल्क परत मिळणारे आहे की नाही, हे त्याच ओळीत असावे.

टप्पा ७: आता शुद्धलेखन

मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम हाच आधार धरावा. सर्व नियम येथे देण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या पानांवर वारंवार चुकणाऱ्या जागा मोजक्याच आहेत.

पहिली जागा सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दात होणाऱ्या बदलाची आहे. ‘खानापूर’ला प्रत्यय लागला की ‘खानापुरात’ होते, कारण मराठी शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातील, दीर्घ ई किंवा ऊ ऱ्हस्व होतो. हाच नियम ‘विद्यापीठ’ला लावून काही जण ‘विद्यापिठात’ लिहितात, आणि ते चूक आहे. विद्यापीठ हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे, म्हणून ‘विद्यापीठात’, ‘विद्यापीठाचे’ असेच लिहावे. आपल्याच संस्थेचे नाव मुख्य पानावर चुकलेले पाहणे फार त्रासदायक असते.

दुसरी जागा समासाची आहे. एकटा शब्द ‘विद्यार्थी’, पण समासात ‘विद्यार्थिमंडळ’. एकटा ‘बुद्धी’, पण ‘बुद्धिबळ’. ‘वसतीगृह’ हे याच कारणाने चूक आणि ‘वसतिगृह’ बरोबर.

यानंतर सुटे शब्द. ‘परिक्षा’ नव्हे, ‘परीक्षा’. ‘प्राविण्य’ नव्हे, ‘प्रावीण्य’. ‘तज्ञ’ नव्हे, ‘तज्ज्ञ’. ‘पध्दत’ नव्हे, ‘पद्धत’, आणि तसेच ‘शुद्ध’, ‘सिद्ध’, ‘प्रसिद्ध’. या शब्दांत आधी द आणि मग ध येतो. ‘कुलगुरु’ एकटा आला तर ‘कुलगुरू’. ‘सहाय्यक प्राध्यापक’ आणि ‘सहायक प्राध्यापक’ यांपैकी दुसरे निवडावे.

सावधान: ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांत गल्लत होऊ देऊ नका. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. वसतिगृहाच्या भोजनालयाची सूचना आणि शिक्षकदिनाची सूचना एकाच आठवड्यात निघते, तेव्हा हा भेद उपयोगी पडतो. ‘येणार्या’, ‘दुसर्या’ ही रूपे तर कोठेच बरोबर नाहीत.

टप्पा ८: संकेतस्थळावर चढवताना

बेळगावातील अनेक डीटीपी कार्यालयांत मजकूर अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकला जातो, कन्नड मजकूर ‘नुडी’ या कन्नड टंकनप्रणालीत असतो, आणि छापील पत्रकासाठी ते ठीकही आहे. तोच मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की वाचकाला रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे फाँट बदलला तरी अक्षरे कायम ठेवणाऱ्या संकेतप्रणालीतच असला पाहिजे. रूपांतराचे साधन वापरल्यास नंतर पाच ठिकाणी हमखास पाहावे: ऱ्हस्व वेलांटीची जागा, रफार, ‘द्ध’, ‘क्ष’ आणि ‘ऱ्य’. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकता येतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोधयंत्र त्यांना वेगळे मानू शकते. सर्व पानांवर एकच प्रकार ठेवावा.

पानाची भाषा मराठी असल्याची खूण संकेतस्थळाच्या मांडणीत भरायला तंत्रज्ञाला सांगावे. ती नसेल, तर अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी किंवा हिंदी उच्चारांनी वाचू लागतो. काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही या खुणेवरच अवलंबून असतात. अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांतील गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, पिवळ्यावर पांढरी सूचना उन्हात मोबाईलवर दिसत नाही.

सही-शिक्क्याच्या परिपत्रकाचे छायाचित्र चढवून काम संपले, असे समजू नये. छायाचित्रातील मजकूर शोधता येत नाही, वाचून घेता येत नाही आणि मोठा करताना फुटतो. परिपत्रक जोडावे, पण त्यातील तारीख, शुल्क आणि पात्रता पानावर टंकलेली असावी.

टप्पा ९: तपासणी आणि त्यानंतर

मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर शेवटचा तपासू नये. तपासणी दोन माणसांकडून, दोन वेगळ्या हेतूंनी करून घ्यावी. पहिला माणूस तिन्ही भाषांतील पाने शेजारी ठेवून फक्त आकडे पाहतो: तारखा, रकमा, क्रमांक, वेळा. त्याला मराठी साहित्य येण्याची गरज नाही. कन्नड माध्यमात शिकलेला सहकारी हे काम अनेकदा अधिक काटेकोरपणे करतो, कारण तो वाक्यांत गुंतत नाही. दुसरा माणूस पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असावा, शक्यतो शहराबाहेरचा. त्याच्या हातात मोबाईल देऊन ‘तुझ्या बहिणीला प्रवेश घ्यायचा आहे, काय काय करशील’ असे विचारावे आणि आपण गप्प बसावे. तो जेथे वर सरकून पुन्हा वाचतो, ते वाक्य बदलावे. ‘हे बरोबर आहे का’ असे त्याला विचारू नये. तो भिडेपोटी हो म्हणतो.

पान प्रसिद्ध झाल्यावर तळाशी ‘शेवटचा बदल’ म्हणून दिनांक आणि वेळ द्यावी. मुदत संपलेल्या सूचनेवरील लुकलुकणारे ‘नवीन’ त्याच दिवशी काढावे. चूक सापडली तर ती गुपचूप पुसू नये, विशेषतः तारीख किंवा शुल्क बदलले असेल तेव्हा. ‘१२ जून रोजी शुल्काचा आकडा दुरुस्त केला’ अशी एक ओळ ठेवली, तर आदल्या दिवशी जुने पान छापून घेऊन आलेल्या पालकाशी खिडकीवर वाद होत नाही. बदल झाल्यावर तिन्ही भाषांची पाने एकाच बैठकीत दुरुस्त करावीत. मराठी लिहिणारा त्या दिवशी रजेवर असेल, तर वाक्यांना हात न लावता आकडा तरी कन्नड पान पाहणाऱ्याने बदलावा आणि तथ्यपत्रकाच्या पाचव्या रकान्यात आपले नाव लिहून ठेवावे.